आढं, वासे आणि घनफुटाचा हिशेब

बुलढाणा जिल्ह्यात जुन्या घरांची छपरं मुख्यतः दोन तऱ्हेची. घाटावर सिंदखेड राजा, लोणार, देऊळगाव राजाच्या बाजूला धाबं: भिंतींवर आणि खांबांवर तुळया, त्यांवर आडव्या कड्या, वर फळ्या किंवा काटक्या, पाला आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. घाटाखाली उतरून पूर्णा ओलांडली आणि जळगाव जामोद, संग्रामपूरवरून सातपुड्याकडे, भिंगारा-चाळीसटापरीच्या वाटेला लागलं की उतरती कवेलूची छपरं दिसू लागतात. दोन्हींच्या जागी आता स्लॅब आणि टिनं आली आहेत. तरीही सुतारकाम शिकणाऱ्या पोरानं लाकडी छप्पर शिकावं, तेही उतरतं, असं माझं ठाम मत आहे. भूमिती, वजन आणि पैसा यांचा एवढा एकत्र कस लावणारं दुसरं काम या धंद्यात नाही.

आयटीआय ज्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखाली चालतात ती १९५० सालची. तिच्यातला सुतारकामाचा ट्रेड एका वर्षाचा. रंधा, करवत, पटाशी हातात बसेपर्यंतच निम्मं वर्ष सरतं. पुढे सांधे, चौकटी, खिडक्या, फर्निचर. छप्पर वाट्याला येतं ते बहुधा लहान नमुन्याच्या रूपात. नमुना सुबक होतो, पण त्यावर कवेलूचं ओझं कधी येत नाही, आणि छपराची खरी परीक्षा ओझ्याखालीच असते.

धाब्याची तुळई भार सरळ खाली भिंतीवर सोडते. ती वाकेल, फार तर मोडेल. उतरत्या छपराचे दोन वासे मात्र आढ्यापाशी एकमेकांना टेकलेले असतात आणि वरून वजन आलं की त्यांचे पाय बाहेर सरकू पाहतात. मातीच्या भिंतीला हा रेटा सोसत नाही. ती वरच्या बाजूनं बाहेर झुकते. म्हणून दोन वाशांचे पाय आडव्या लाकडानं जखडायचे. हे लाकूड वजन पेलण्यासाठी नसून ताण घेण्यासाठी आहे हे एकदा समजलं, की त्याचा सांधा कुठे आणि कसा करायचा हेही कळतं. मधे जोड दिला तर तो खेचला जाऊन सुटणार नाही असाच द्यावा लागतो.

खोली रुंद झाली की कैची लागते. सोळा ते सव्वीस फुटांच्या गाळ्याला किंग पोस्ट, त्यापुढे क्वीन पोस्ट. किंग पोस्ट म्हणजे कैचीच्या मधोमध उभं असलेलं लाकूड. पाहणाऱ्याला वाटतं, हा खांब आढ्याचं ओझं खाली आणतो. प्रत्यक्षात तो शेंड्याला लटकलेला असतो आणि खालच्या आडव्या लाकडाचं पोट वर ओढून धरतो. जुन्या कैच्यांत त्याच्या पायाशी लोखंडी पट्टा दिसतो तो यासाठीच. शिल्पनिदेशकानं हा पट्टा पोरांना हात लावून दाखवावा. फळ्यावरच्या दहा आकृत्यांपेक्षा त्यातून अधिक कळेल.

आता हिशेबाकडे वळू. एक खोली घेऊ: २० फूट लांब, १२ फूट रुंद, दुपाखी छप्पर, मंगलोरी कवेलू. आढ्याची उंची भिंतीच्या माथ्यापासून ३ फूट. निम्मी रुंदी ६ फूट, उंची ३ फूट. काटकोन त्रिकोणाचा कर्ण निघतो ६.७१ फूट. म्हणजे आडव्या दर फुटाला वाशाची लांबी १.११८ फूट. वळचण आडवी दीड फूट धरली, तर एकूण आडवं माप साडेसात आणि वासा ८.३९ फूट. कापायचा साडेआठ. हाच कोन जमिनीवरही काढता येतो: गुण्याच्या एका पात्यावर १२ इंच, दुसऱ्यावर ६ इंच धरून वाशाच्या कडेनं सहा वेळा पुढे सरकवत जायचं. भिंतीवरच्या पाटावर वासा बसतो तिथली खाच त्याच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, नाहीतर वासा तिथेच चिरतो.

वासे दोन-दोन फुटांवर. २० फुटांत दहा गाळे, पण वासे अकरा. हा एक वासा विसरणं ही शिकाऊ पोरांची नेहमीची चूक. दोन्ही पाख्यांचे मिळून २२. प्रत्येक वासा २ × ४ इंचांचा, म्हणून २२ वाशांचं लाकूड साधारण १०.४ घनफूट. अकरा जोड्यांना जखडणारी १२ फुटी आडवी लाकडं त्याच मापाची, ७.३ घनफूट. रिपा २ × १ इंच, साडेबारा इंचांवर एक, प्रत्येक पाख्यावर नऊ ओळी. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर धरून प्रत्येक ओळ २२ फूट. एकूण ३९६ फूट, म्हणजे ५.५ घनफूट. आढं ३ × ५ इंचांचं, २.३. भिंतीवरचे दोन पाट ३ × ४ इंचांचे, ३.३. बेरीज २८.८, आणि तुटीसाठी दहा टक्के धरून सुमारे ३२ घनफूट. छपराचं क्षेत्रफळ ३६९ चौरस फूट, म्हणजे ३४ चौरस मीटरच्या वर. चौरस मीटरला १५ कवेलू लागतात. फूटतूट धरून ५४० मागवावेत. एक कवेलू अडीच किलोच्या आसपास, म्हणजे साडेतेरा क्विंटल वजन, आणि पावसात भिजल्यावर त्याहून जास्त.

सागाचं लाकूड कमी पडलं म्हणून ऐनवेळी चार नग आणणं सोपं नाही. स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यानुसार परवानगी लागते आणि वाहतुकीला परवाना. मेळघाटचा माल परतवाड्याच्या डेपोत लिलावाला निघतो, तो गोल लाकडाचा. तिथे मोजणी घेराच्या चौथ्या भागानं: चार फूट घेर, दहा फूट लांबीचं लाकूड दहा घनफूट धरलं जातं. भूमितीनं त्यात १२.७३ घनफूट असतं. हा फरक साल आणि कापणीतल्या तुटीपोटी सोडलेला असतो. ३२ घनफूट चौरस माल हवा म्हणून ३२ घनफूट गोल माल घेणाऱ्याचं गणित तरीही चुकतं, कारण आरागिरणीतून निघणारा चौरस माल मोजलेल्या गोल मालापेक्षा कमीच असतो.

लांबीचाही विचार आधीच करावा. साडेआठ फुटी वाशासाठी दहा फुटी नग घेतले तर प्रत्येकी दीड फूट उरतं. बावीस नगांचं मिळून ३३ फूट, म्हणजे १.८ घनफूट. दहा टक्के तूट धरली होती ती २.९ घनफुटांची, तिच्यातला निम्म्याहून जास्त भाग एकट्या वाशांनीच खाल्ला. नऊ फुटी नग मिळाले तर हेच नुकसान ११ फुटांवर येतं. म्हणून लिलावाला किंवा वखारीला जाण्याआधी दोन रकाने लिहावेत: हवं ते माप आणि तिथे मिळतं ते माप. वळचणीच्या टोकाशी वाशांच्या मधे ठोकळे बसवायचे असतील, तर उरलेले दीड फुटी तुकडे तिथे अपुरे पडतात, म्हणून ते ठोकळेही यादीत चढवायचे, नाहीतर त्यांच्यासाठी चांगला नग कापला जातो.