लोणच्याची बरणी आणि शेळीचा मुरघास

मैत्रिणींनो, लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागला की सासूबाई कशा ओरडायच्या, आठवतंय ना? मुरघासाचंही अगदी तसंच आहे.

आमच्या बचत गटातल्या एका ताईंकडे संगमनेरी शेळ्या आहेत. उन्हाळ्यात त्यांची एक शेळी गाभडली, दुसरी मान वाकडी करून गोल गोल फिरू लागली. डॉक्टरांनी आधी मुरघासाची पिशवी उघडायला लावली. वर पांढरी-काळी बुरशी! ताई रडवेल्या होऊन म्हणाल्या, "पैसा घालून केलेला चारा, टाकवेना हो!" अन्न वाया घालवू नये, हे आपल्या हाडीमाशी मुरलेलं. पण इथे तीच काटकसर नडली. बिघडलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचे जंतू वाढतात, ते शेळीच्या मेंदूवर आणि गर्भावर हल्ला करतात.

मग करायचं काय? मका दाणे चिकात असताना कापावा, बारीक कुट्टी करावी. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. पिशवीत थर देऊन पायाने दाबत हवा काढायची, तोंड घट्ट बांधायचं आणि दीड महिना हात लावायचा नाही. उंदरांनी भोक पाडलंय का, हे मात्र बघत राहायचं. दिसलं की लगेच चिकटपट्टी!

चार-पाच शेळ्या असतील तर पिशव्या लहानच भरा, म्हणजे उघडलेली आठवड्यात संपते. रोज लागेल तेवढंच काढून तोंड पुन्हा आवळायचं. चांगला मुरघास पिवळसर हिरवा, आंबूस गोड वासाचा असतो. कुजकट वास, चिकटपणा किंवा बुरशी दिसली की सरळ उकिरडा.

सुरुवात मूठभराने करून हळूहळू मोठ्या शेळीला दिवसाला एक-दीड किलोपर्यंत जावं. सोबत सुका चारा आणि शेवरी-सुबाभळीचा पाला हवाच, नुसत्या मुरघासावर भागत नाही. धार काढल्यावरच घाला, नाहीतर दुधाला वास येतो. गव्हाणीतलं उरलेलं त्याच दिवशी काढून टाका.

आणखी एक, हे जंतू माणसालाही बाधतात. दूध उकळूनच प्या. घरात कुणी गरोदर असेल तर तिला गाभडलेल्या शेळीजवळ जाऊ देऊ नका.

त्या ताई आता पिशवी उघडली की आधी वास घेतात. शेळी गरिबाची गाय खरी, पण तिलाही शिळंपाकं चालत नाही बरं का!