खिशातील किल्ली

हल्लीच्या पुष्कळ मोटारींची किल्ली म्हणजे एक लहानशी डबी. ती कुलपात घालावी लागत नाही. खिशातूनच रेडिओलहरींनी मोटारीशी बोलते. तिचा सारा जीव मात्र नाण्याएवढ्या, बहुधा 3 व्होल्टच्या, सेलमध्ये. तो क्षीण झाल्याची सूचना मोटारीने आम्हांस दिली होती. आम्ही ती आज-उद्यावर ढकलली, आणि एका रात्री पवित्र तेल घेऊन रुग्णाकडे निघालो तो दार उघडेना! डबीच्या पोटात धातूची साधी किल्ली दडलेली असते, हे तेव्हा आठवले. तिने दार उघडले; मग डबी इंजिनाच्या बटनालगत धरताच यंत्र जागे झाले. आपल्या मोटारीत डबी नेमकी कोठे धरावी, हे पुस्तिकेत दिवसाउजेडी पाहून ठेवावे. डबी धुण्याच्या कपड्यांत जाऊ देऊ नये, हे का सांगावयास हवे?

परंतु काढलेला सेल टेबलावर ठेवू नये. तो मुलाने गिळला व अन्ननलिकेत अडकला, तर 2 तासांच्या आतही ती भाजून निघते. मूल वरवर बरे दिसले तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. ओकारी काढू नये. जुना सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळून मगच घराबाहेर काढावा.