खिशातील वेळापत्रक

वैभववाडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव आहे. येथून करूळ व भुईबावडा हे दोन घाट गगनबावड्यास चढतात आणि पुढे कोल्हापूरची वाट लागते. कोकण रेल्वेही ह्याच परिसरातून जाते. तिच्या येथील स्थानकाचे नाव 'वैभववाडी रोड' असे आहे. घाटावरून उतरणारी एस. टी. आणि मुंबईकडून येणारी आगगाडी यांची गाठ ह्या गावी पडते. मात्र ती पडावी, तर उतारूला एक गोष्ट अगोदर ठाऊक असावी लागते. गाडी किती वाजता येणार?

हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पावसाळ्यात करूळ घाटात दरड कोसळली, म्हणजे एस. टी. भुईबावड्याच्या वाटेने वळवावी लागते. कोकण रेल्वेच्या गाड्याही पावसाळ्यात हळू चालवितात. कारण डोंगर कापून काढलेल्या मार्गावर माती-दगड घसरून येण्याचे भय असते. त्यामुळे ह्या रेल्वेची वर्षाकाठी दोन वेळापत्रके असतात, एक पावसाळ्याचे आणि एक उरलेल्या महिन्यांचे. मे महिन्यात पाठ केलेली वेळ जुलैमध्ये कामास येत नाही.

गाड्यांच्या वेळा लोकांस कळाव्यात, ही काळजी सर्वप्रथम एखाद्या सरकारी कचेरीने वाहिली असेल, असे कोणासही वाटेल. परंतु तसे घडले नाही. इंग्लंडमध्ये रेल्वे नव्याने धावू लागल्या, तेव्हा तेथे अनेक कंपन्या होत्या आणि प्रत्येकीच्या वेळा निराळ्या होत्या. जॉर्ज ब्रॅडशॉ नावाच्या, नकाशे कोरून छापणाऱ्या एका गृहस्थाने त्या सर्व वेळा गोळा करून 1839 साली एक लहानशी पुस्तिका काढली. पुढे ती दरमहा निघू लागली. बोरीबंदर ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली उतारूंची गाडी 1853 साली धावली. त्याच वर्षी ब्रॅडशॉ निवर्तले. त्यांची पुस्तिका मात्र 1961 सालापर्यंत छापली जात होती. ती प्रत्येक महिन्यास नव्याने का छापावी लागे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वेळा बदलत असत, आणि जुनी पुस्तिका जवळ बाळगणारा मनुष्य पुस्तिका नसलेल्या मनुष्यापेक्षाही अधिक फसे. कारण तो निश्चिंत असे.

मुंबईत हेच काम एका अभियंत्याने निराळ्या साधनाने केले. त्यांचे नाव सचिन टेके. मुंबईच्या उपनगरी गाड्यांच्या दिवसाला तीन हजारांच्या आसपास फेऱ्या होतात. कोणती गाडी धिमी, कोणती जलद, कोणती मध्येच कोठे थांबणार, हे सारे ध्यानात ठेवणे नित्याच्या उतारूसही कठीण जाते. तेव्हा हे वेळापत्रक भ्रमणध्वनीत, म्हणजेच मोबाइलमध्ये, बसविण्याचा उद्योग टेके यांनी आरंभिला आणि 2010 साली 'एम-इंडिकेटर' हे ॲप लोकांपुढे ठेवले. फलाटावर गाडीची वेळ दाखविणाऱ्या पाटीला मुंबईकर 'इंडिकेटर' म्हणतात. ॲपच्या नावातही तोच शब्द आहे. हे काम रेल्वेने त्यांच्याकडे सोपविलेले नव्हते.

त्या काळी बहुतेकांच्या हाती बटणांचे साधे मोबाइल होते. त्यांत माहिती साठविण्यास जागा अगदी थोडी असे, आणि इंटरनेट सर्वांना परवडत नसे. म्हणून सर्व वेळापत्रक मोबाइलमध्येच, थोडक्या जागेत, सामावणे अगत्याचे होते. हे साधते कसे, ते पाहू. एका फेरीत 20 स्थानके येतात असे ठोकळमानाने धरले, तरी 3,000 फेऱ्यांच्या मिळून 60,000 वेळा होतात. परंतु प्रत्येक वेळ लिहून ठेवण्याची गरज नसते. दोन स्थानकांमधील अंतर कापण्यास धिम्या गाड्यांना साधारणतः सारखीच मिनिटे लागतात. तेव्हा ती मिनिटे एकदाच लिहावी आणि प्रत्येक गाडीची केवळ सुटण्याची वेळ नोंदवावी. मधल्या वेळा यंत्र बेरीज करून काढते.

बेरीज सोपी व्हावी म्हणून तास आणि मिनिटे वेगळी न ठेवता मध्यरात्रीपासूनची मिनिटे मोजण्याची रीत आहे. दिवसाची मिनिटे 1,440. सकाळचे 6 वाजून 20 मिनिटे म्हणजे 380. सायंकाळचे 6 वाजून 20 मिनिटे म्हणजे 1,100. आता रात्री 11 वाजून 50 मिनिटांनी, म्हणजे 1,430 व्या मिनिटाला, सुटलेली गाडी 35 मिनिटांनी पुढच्या स्थानकी पोचली, तर बेरीज 1,465 येते. दिवस तर 1,440 वरच संपतो! पण यंत्राच्या वहीत 1,465 हीच नोंद राहू देतात. कारण ती आदल्या रात्रीचीच गाडी आहे. तिला दुसऱ्या दिवसाच्या यादीत घातले, तर शनिवारच्या आणि रविवारच्या गाड्यांची सरमिसळ होईल. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या परिवहन संस्थेने व गूगल कंपनीने 2005 साली वेळापत्रके लिहिण्याची एक सामाईक पद्धत सिद्ध केली. पुढे ती जगभर पसरली. तिच्यातही मध्यरात्रीनंतरचे 25 मिनिटे '24:25' असेच लिहितात. घड्याळात अशी वेळ कोणी पाहिली नसेल! कोकणच्या उतारूंना हा घोटाळा चांगला परिचयाचा आहे. दादरहून सावंतवाडीस जाणारी तुतारी एक्सप्रेस वैभववाडीस थांबते. ती दादरहून मध्यरात्र उलटताच सुटत असल्यामुळे तिचे तिकीट दुसऱ्या तारखेचे काढावे लागते. ज्यांच्या हे ध्यानात राहत नाही, ते गाडी गेल्यावर चोवीस तासांनी सामानसुमान घेऊन फलाटावर हजर होतात.

येथवरचे काम बुद्धीचे खरे, तथापि ते एकदा केले म्हणजे झाले. कष्टाचे काम त्यानंतर सुरू होते आणि ते कधी संपत नाही. 2014 साली वर्सोवा ते घाटकोपर मेट्रो सुरू झाली. 2016 च्या डिसेंबरात जोगेश्वरी आणि गोरेगाव यांच्यामध्ये राम मंदिर हे नवे स्थानक उघडले; म्हणजे तेथे थांबणाऱ्या गाड्यांच्या पुढील वेळा तपासून पाहणे आले. 2017 च्या डिसेंबरात पश्चिम रेल्वेवर वातानुकूलित लोकल धावली. तिचे भाडे निराळे, तेव्हा ती यादीत ओळखू यावयास हवी. 2018 साली एल्फिन्स्टन रोडचे नाव प्रभादेवी झाले. येथे नाव पुसून नवे लिहिणे पुरेसे नव्हते. कारण पुष्कळांच्या तोंडी जुनेच नाव होते, आणि जुन्या नावाने शोधणाऱ्यासही स्थानक सापडावयास हवे. ह्याखेरीज रविवारचे मेगाब्लॉक असतातच. रुळांच्या दुरुस्तीसाठी काही तास जलद मार्गावरील गाड्या धिम्या मार्गाने नेतात, आणि त्याची सूचना थोडेच दिवस अगोदर मिळते. पुढे ह्या ॲपमध्ये बसगाड्यांची माहिती आणि रिक्षा-टॅक्सीचे भाडेही आले. जितकी माहिती अधिक, तितकी ती जुनी होण्याची ठिकाणेही अधिक!

रेल्वेची कचेरी आपले वेळापत्रक बदलताना बाहेरच्या ॲपवाल्याची वाट पाहत नाही. त्याने स्वतः सूचना वाचाव्यात, आकडे दुरुस्त करावेत, ते पुन्हा पडताळावेत आणि नवी आवृत्ती लोकांपर्यंत पोचवावी. एक आकडा चुकला, तर कोणा विद्यार्थ्याची परीक्षा आणि कोणा रुग्णाची वैद्यांकडील वेळ चुकते. ॲप प्रथम निघते तेव्हा त्याचे कौतुक सर्व करतात. बाराव्या वर्षी रविवारची सूचना वेळेवर आली, ह्याचे कौतुक कोणी करीत नाही. खरे पाहता मोठे काम हे दुसरेच आहे.

वेळापत्रक कितीही अचूक असले, तरी गाडी प्रत्यक्षात कोठे आहे हे त्यातून कळत नाही. मध्य रेल्वेने 2022 साली आपल्या 'यात्री' ह्या ॲपवर लोकल गाड्यांची चालू जागा दाखविण्यास आरंभ केला. लांबच्या गाड्यांसाठी त्याआधीच बंगळुरूच्या काही तंत्रज्ञांनी 'व्हेअर इज माय ट्रेन' हे ॲप तयार केले होते. 2018 साली त्यांची कंपनी गूगलने विकत घेतली. त्यांची युक्ती मौजेची आहे. मोबाइल ज्या मनोऱ्याशी जोडलेला असतो, त्या मनोऱ्याची खूण त्याला कळते. रेल्वेमार्गाजवळ कोणता मनोरा कोणत्या स्थानकापाशी आहे, ह्याची यादी ॲपपाशी असली, म्हणजे गाडीत बसलेल्याला इंटरनेटवाचूनही आपण कोठे आलो हे समजते. मनोरे नवे उभे राहतात व जुने काढले जातात. तेव्हा ही यादीही पुनःपुन्हा तपासावी लागते.

कोकण रेल्वेवर ह्या युक्तीची खरी कसोटी लागते. ह्या मार्गावर नव्वदांहून अधिक बोगदे आहेत. त्यांतील रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. डोंगराच्या पोटात मनोऱ्याची खूण पोचेनाशी झाली, की पडद्यावरील गाडी एका जागी थबकते. खरी गाडी मात्र अंधारातून पुढे जात असते आणि पलीकडच्या उजेडात आली, की पडद्यावरील खूण एकदम काही मैल उडी घेते.