कार्यप्रणालीतील विकल्पांचा लोप आणि वापरकर्त्यांचा असंतोष

२४ ऑगस्ट १९९५ रोजी ‘विंडोज ९५’ ही संगणकीय कार्यप्रणाली प्रसिद्ध झाली आणि तिच्याबरोबर ‘टास्कबार’ नावाची पट्टी सर्वसामान्य वापरकर्त्याच्या परिचयाची झाली. ही पट्टी मूलतः पडद्याच्या तळाशी असे. परंतु ती वर, डावीकडे अथवा उजवीकडे नेऊन ठेवण्याची मुभा वापरकर्त्यास होती. ही मुभा पुढील सव्वीस वर्षे टिकली. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रसिद्ध झालेल्या ‘विंडोज ११’च्या मूळ आवृत्तीत मात्र ती आढळली नाही. तद्वतच प्रत्येक उघड्या खिडकीचे नाव पट्टीवर स्वतंत्रपणे दाखविण्याची सोयही तीत नव्हती. ही दुसरी सोय २०२३ साली पुन्हा देण्यात आली. बाह्यतः क्षुल्लक भासणाऱ्या या फेरफारांनी वापरकर्त्यांत तीव्र असंतोष निर्माण केला. ‘मनुष्यस्वभावास बदल रुचत नाही’ एवढेच त्याचे कारण सांगून हा विषय सामान्यतः संपविला जातो. परंतु हे उत्तर अपुरे आहे.

प्रथम रचनाकारांची बाजू लक्षात घेणे न्याय्य ठरेल. एखाद्या प्रणालीत ‘होय’ किंवा ‘नाही’ अशा स्वरूपाचे दहा विकल्प असल्यास तिच्या संभाव्य अवस्था १,०२४ होतात; विकल्प वीस झाले की ही संख्या १०,४८,५७६ वर जाते. या सर्व अवस्थांची चाचणी घेणे कोणत्याही संस्थेस शक्य नसते. प्रत्येक विकल्पास किंमत असते, हा विचार हॅवॉक पेनिंग्टन यांनी २००२ साली ‘ग्नोम’ या मुक्त प्रणालीच्या संदर्भात स्पष्टपणे मांडला. विकल्पांची गर्दी झाली की हवा तो विकल्प सापडत नाही, आणि जो दोष मुळातच दुरुस्त करावयास हवा तो एखाद्या विकल्पाआड झाकला जातो, असे त्यांच्या युक्तिवादाचे सार आहे. ‘विंडोज ११’मधील टास्कबार जुन्या पट्टीत डागडुजी करून नव्हे, तर बव्हंशी नव्याने रचलेला होता. पट्टी कोणत्याही कडेला नेता यावयाची, तर तिच्याशी संलग्न असलेल्या सर्व सूची, हालचाली व खिडक्या त्या त्या कडेशी जुळवून घ्याव्या लागतात. या परिश्रमांचा लाभ थोड्यांनाच होणार, असा हिशेब रचनाकारांनी मांडला.

हा युक्तिवाद नवा विकल्प द्यावा की न द्यावा, या प्रश्नापुरता निःसंशय सबळ आहे. परंतु कधीच न दिलेली सोय आणि देऊन काढून घेतलेली सोय यांत मूलभूत भेद आहे. डॅनियल काहनेमन व एमॉस ट्वेर्स्की यांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार समान लाभापेक्षा समान हानी मनुष्यास अधिक जाणवते. तथापि हा केवळ मनाचा कल नव्हे. त्यामागे वास्तव हानीही असते. १९२० × १०८० बिंदूंच्या रुंद पडद्यावर उंची दुर्मिळ व रुंदी मुबलक असते. दीर्घ संहिता वाचणारा संपादक अथवा भाषांतरकार पट्टी डाव्या कडेला नेतो तो शोभेसाठी नव्हे, तर मजकुराच्या दोन-तीन ओळी अधिक दिसाव्यात म्हणून. काही वर्षांच्या सरावाने त्याचा हात न पाहता योग्य जागी जातो. साधनाकडे लक्ष द्यावे न लागता सर्व लक्ष कार्यावर राहणे, यालाच कौशल्य म्हणावयाचे. विकल्प काढून घेतला म्हणजे हे कौशल्य अंशतः निरुपयोगी होते आणि कार्यावरील लक्ष पुन्हा साधनाकडे वळवावे लागते. नव्याने शिकण्याचे हे श्रम वापरकर्त्याने करावयाचे असतात. रचनाकाराच्या हिशेबात त्यांची नोंद होत नाही.

याच हिशेबात दुसरीही त्रुटी आहे. २०११ साली ‘विंडोज ८’ची आखणी चालू असताना मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्यांनी असे प्रतिपादिले की, आज्ञावली टास्कबारवर कायम ठेवण्याची सोय झाल्यापासून ‘स्टार्ट मेनू’चा वापर घटला आहे. २०१२ साली ती आवृत्ती स्टार्टच्या कळीविना प्रसिद्ध झाली. त्यानंतर २०१३ साली कळ परत आली आणि २०१५ च्या ‘विंडोज १०’मध्ये मेनूही परत आला. येथे आकडे खोटे नव्हते. त्यांवरून काढलेला निष्कर्ष सदोष होता. वापराची वारंवारता आणि वापरावरील अवलंबन या दोन भिन्न राशी आहेत. इमारतीतील आपत्कालीन जिना क्वचितच वापरला जातो, म्हणून तो अनावश्यक ठरत नाही. शिवाय मांडणीचा विकल्प एकदाच निवडला जातो व त्यानंतर त्याला कोणी हात लावीत नाही. हात न लावणे हीच त्याच्या उपयुक्ततेची खूण असते. शेकडेवारीचीही अशीच गोष्ट आहे. मार्च २०२० मध्ये ‘विंडोज १०’ वापरात असलेल्या उपकरणांची संख्या १०० कोटींवर गेली होती. एवढ्या विस्तारात शेकडा एक म्हणजे एक कोटी होतात.

असंतोष पुढे कोणते रूप घेतो हे समजण्यास अल्बर्ट हर्शमन यांचे १९७० सालचे विवेचन उपयोगी पडते. एखाद्या संस्थेचा दर्जा घसरू लागला की तिच्या ग्राहकापुढे दोन मार्ग उरतात : संस्था सोडून जाणे अथवा आवाज उठविणे. खाजगी मालकीच्या कार्यप्रणालीत पहिला मार्ग महाग असतो. कारण आज्ञावली, साठविलेले दस्तऐवज व सहकाऱ्यांशी होणारी देवाणघेवाण हे सारे तिच्याशी बांधलेले असते. साहजिकच आवाज चढतो. मुक्त प्रणालीत एक तिसरा मार्ग उपलब्ध होतो. एप्रिल २०११ मध्ये ‘ग्नोम ३’ने जुनी पट्टी व परिचित मांडणी टाकून दिली, तेव्हा असंतुष्टांनी ‘ग्नोम २’च्या आज्ञावलीवरून ‘माटे’ हे स्वतंत्र पर्यावरण उभारले, आणि लिनक्स मिंटच्या मंडळींनी ‘सिनॅमन’ सिद्ध केले. येथे तक्रारीचे रूपांतर निर्मितीत झाले. मात्र हाही मार्ग विनामूल्य नाही. वेगळी शाखा वर्षानुवर्षे सांभाळावी लागते. ग्नोममध्येच राहून जोड-आज्ञावलींच्या साहाय्याने जुन्या सोयी परत मिळविणाऱ्यांनाही याचा अनुभव आला : २०२३ च्या ४५ व्या आवृत्तीत अंतर्गत रचना बदलल्यामुळे अशा जोड-आज्ञावली नव्याने जुळवून घ्याव्या लागल्या.

वरील विवेचनाचा अर्थ, एकदा दिलेला विकल्प अनंतकाळ राखलाच पाहिजे, असा नव्हे. विकल्प राखण्यास खर्च येतो, हे मान्यच करावयास हवे. परंतु तो काढून टाकल्याने खर्च नाहीसा होत नाही. तो रचनाकाराकडून वापरकर्त्याकडे सरकतो. यास्तव एखादा विकल्प रद्द करताना तो किती जण वापरतात, एवढेच विचारून भागणार नाही. जे वापरतात त्यांचे किती कार्य त्यावर उभे आहे, त्यांना पर्यायी मार्ग कोणता, आणि जुळवून घेण्यास अवधी किती दिला आहे, हेही विचारले पाहिजे. वापरकर्त्याची तक्रार वरकरणी पट्टीच्या जागेविषयी असते. परंतु ज्या साधनावर आपले दैनंदिन कार्य चालते त्याच्या मांडणीचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तिच्या मुळाशी असतो. त्या प्रश्नास ‘बदल रुचत नाही’ हे उत्तर होऊ शकत नाही.