उकळत्या पातेल्याखाली मोठी आच कशाला?

"डाळ शिजत नाहीये? गॅस मोठा कर." हे वाक्य घरोघरी ऐकू येतं, लग्नाच्या मांडवामागे ऐकू येतं आणि हल्ली रेसिपीच्या व्हिडिओंतही ठासून सांगितलं जातं. आधण येऊन गेलेलं असतं, पातेलं खळखळत असतं, फेस उतू जायच्या बेतात असतो. तरीही कुणीतरी बटण फिरवतं आणि ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर डोकावेपर्यंत वाढवतं. असं करणाऱ्यांत दहावीला 'अप्रकट उष्मा' घोकून पैकीच्या पैकी गुण मिळवलेली मंडळी असतात, तेव्हा जरा जास्तच चीड येते.

वस्तुस्थिती एका ओळीची आहे. उघड्या भांड्यातलं पाणी उकळायला लागलं की त्याचं तापमान वाढत नाही. समुद्रसपाटीला ते १०० अंश सेल्सियसवर थांबतं. मंद आचेवर जेमतेम उकळणारं पाणी १०० अंशांचं आणि भट्टीवर थयथयाट करणारं पाणीही १०० अंशांचंच. डाळीच्या दाण्याला कळतं ते भोवतालच्या पाण्याचं तापमान. खालची ज्योत केवढी आहे, याचा त्याला पत्ताही नसतो.

यावर हमखास येणारा प्रश्न मात्र चांगला आहे: गॅस तर जास्त जळतोय, मग ती उष्णता जाते कुठे?

ती वाफ करण्यात जाते. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात. त्यांना सोडवून वायुरूप करायचं तर ऊर्जा मोजावी लागते. ही ऊर्जा रेणूंचा वेग वाढवत नाही, म्हणून तापमापीत दिसत नाही. ती रेणूंमधली पकड सोडवण्यात खर्ची पडते. थोडा हिस्सा भोवतालची हवा बाजूला सारण्यात जातो, कारण एक घनसेंटिमीटर पाण्याची वाफ सुमारे १,६७० घनसेंटिमीटर जागा मागते.

आता आकडे पाहा. एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. तेच एक लिटर १०० अंशांवर असताना त्याची पूर्ण वाफ करायला लागतात सुमारे २,२५७ किलोज्यूल, म्हणजे सातपटीहून जास्त. घरगुती शेगडीची कार्यक्षमता ६८ टक्के धरली, तर निव्वळ एक लिटर पाणी उडवायला साधारण ७० ग्रॅम एलपीजी जळतो. एवढा गॅस जाळून डाळीचं तापमान एका अंशानेही वाढत नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचा तेवढ्या ओल्या होतात.

हे काही आजचं संशोधन नव्हे. ग्लासगोत जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच ते दाखवून दिलं होतं. गोठणबिंदूजवळचं पाणी आणि तेवढंच बर्फ त्यांनी एकाच खोलीत ठेवलं. पाण्याचं तापमान सात अंश फॅरेनहाइट चढायला अर्धा तास लागला; बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास. पुढे तापलेल्या लोखंडी पत्र्यावर पाणी ठेवून त्यांनी पाहिलं, तर उकळी चार मिनिटांत आली, पण सगळं पाणी आटायला त्याच आचेवर आणखी वीस मिनिटं गेली. त्या वीस मिनिटांची उष्णता तापमापीला दिसलीच नाही. तिला ब्लॅक यांनी 'लपलेली' म्हटलं, तोच आपला अप्रकट उष्मा.

मोठी आच सदासर्वकाळ चूक, असं मात्र मी म्हणत नाही. उकळी येईपर्यंत ती हवीच. उकळत्या पाण्यात गार भाजी टाकली की पाणी थंडावतं, तेव्हाही थोडा वेळ हवी. आणि पाणी उडवणं हेच काम असेल, तर प्रश्नच नाही. कोल्हापूरकडचं गुऱ्हाळ पाहा. उसाच्या रसात सुमारे ८० टक्के पाणी असतं आणि चुलवाणात धडधडून जळणाऱ्या चिपाडांची बहुतेक ऊर्जा ते पाणी घालवण्यात जाते. पाणी आहे तोवर काहिलीतलं तापमान शंभरीच्या आसपासच रेंगाळतं. रस घट्ट झाला की मगच ते ११५-१२० अंशांकडे सरकतं, आणि तिथे गुळव्याच्या नजरेची परीक्षा असते. बासुंदीचंही तेच, फक्त तिथे दूध करपू नये म्हणून आच आवरावी लागते. वरणाचं पाणी कुणाला आटवायचं असतं? उलट मोठ्या आचेवर ते लवकर आटतं, डाळ बुडाला लागते आणि मग वरून पुन्हा गार पाणी ओतलं जातं. म्हणजे सगळा खटाटोप पहिल्यापासून.

लवकर शिजवायचं असेल तर उत्कलनबिंदूच वर न्यायला हवा. कुकर तेच करतो. त्यात वातावरणाच्या दाबाखेरीज दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम जादा दाब साठतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला नेमकं उलटं: हवेचा दाब कमी, म्हणून पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं. लेहमध्ये तर सुमारे ८८ अंशांना. तिथे उघड्या पातेल्यात राजमा शिजत नाही तो याचमुळे. कितीही आच वाढवली तरी तो शिजणार नाही.

कुकरची शिट्टी हा या गैरसमजाचा सख्खा भाऊ. शिट्टीने अन्न शिजत नाही. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की वजन उचललं जातं आणि जादा वाफ बाहेर पडते, एवढाच तिचा अर्थ. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या पटापट होतात, म्हणून डाळीला वेळ कमी मिळतो आणि ती उलट कच्ची राहते. पहिल्या शिट्टीनंतर आच बारीक करून मिनिटं मोजावीत. पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था उकळी आल्यावर ज्योत कमी करायला वर्षानुवर्षं सांगत आली आहे. आपण तिच्या जाहिराती वाचतो आणि बटण मोठ्याकडेच फिरवतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

चिमूटभर मिठाने पाणी लवकर उकळतं म्हणतात. लिटरभर पाण्यात तब्बल ५८ ग्रॅम मीठ घाला, उत्कलनबिंदू जेमतेम एक अंशाने बदलेल, आणि तोही वरच्या दिशेने.

उकळत्या पाण्यातले बुडबुडे हवेचे नसतात, वाफेचे असतात. पाणी तापताना आधी दिसतात ते बारीक बुडबुडे मात्र विरघळलेल्या हवेचे.

किटलीच्या तोटीतून निघणारा पांढरा धूर म्हणजे वाफ नव्हे. वाफ दिसत नाही. तोटीला लागून जी मोकळी जागा दिसते, तिथे ती असते. पांढरं दिसतं ते तिचं झालेलं पाणी, बारीक थेंबांचं.

गॅस जळून 'ऊर्जेत बदलतो', हेही बरोबर नाही. १४.२ किलोच्या सिलिंडरमधला अणूही नाहीसा होत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन त्यातून ४० किलोंहून जास्त कार्बन डायऑक्साइड आणि वीसेक किलो पाण्याची वाफ तयार होते.

आणि शेवटचा, दर हिवाळ्यात वितरकाशी भांडण लावून देणारा: 'सिलिंडरला घाम आला, बर्फ साचला, म्हणजे आत पाणी भरलंय.' आत एलपीजी द्रवरूपात असतो. मोठ्या शेगडीला भराभर गॅस पुरवताना त्या द्रवाची वाफ होते, त्यासाठीची उष्णता तो पत्र्याकडून घेतो, पत्रा गार पडतो आणि बाहेरच्या हवेतला ओलावा त्यावर साचतो. घामाची किंवा बर्फाची रेघ जिथे संपते, तिथवर आत द्रव आहे, एवढं तिच्यावरून कळतं. वितरकाशी भांडायचंच असेल तर सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून भांडावं.