बाविसावा दिवस

चौथीच्या मुलांना भागाकार शिकवायचा तर डी.एल.एड. लागते, नववीला बीजगणित शिकवायचे तर बी.एड. लागते. बी.एस्सी.च्या वर्गावर उभे राहायला मात्र विषयातली पदव्युत्तर पदवी आणि नेट-सेट किंवा पीएच.डी. पुरते. शिकवायचे कसे, हे या वाटेवर कोणी विचारतच नाही म्हटले तर नेट झालेले हरकत घेतील, कारण पहिल्या पेपरात अध्यापनाच्या अभियोग्यतेवर प्रश्न असतात. असतात खरे. पण चारांतला बरोबर पर्याय निवडून जसे पोहणे येत नाही, तसे शिकवणेही येत नाही. नवा प्राध्यापक मग आपल्याला ज्यांनी शिकवले त्यांच्यासारखे शिकवू लागतो, आणि त्यांनाही कोणी शिकवायला शिकवलेले नसते.

ही उणीव सरकारच्या ध्यानात आली नाही असे नाही. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे सुरू केली. २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रे झाली आणि २०२३ मध्ये मालवीय मिशनची शिक्षक प्रशिक्षण केंद्रे. पाटी दोनदा बदलली, पण प्राध्यापकांच्या बोलण्यात अजून ‘ओरिएंटेशन-रिफ्रेशर’ हीच जोडी आहे. २०१८ च्या नियमावलीने पहिल्या बढतीसाठी २१ दिवसांचा उद्बोधन वर्ग आणि त्याखेरीज उजळणी वर्ग किंवा त्याच्या तोडीचे काही मागितले, आणि प्रमाणपत्र बढतीच्या फायलीत जाऊन बसले. यात लाजण्यासारखे काही नाही, बढती कोणाला नको असते? शिवाय चांगला वर्ग मिळाला तर डोक्याला खाद्यही मिळते. माझा प्रश्न एकवीस दिवसांबद्दल नाही, बाविसाव्या दिवसाबद्दल आहे. त्या दिवशी माणूस जळगाव जिल्ह्यातल्या पाचोऱ्याच्या स्टेशनवर उतरतो, दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर उभा राहतो. नव्या पद्धतीचा पहिला प्रयत्न फसला, तर तो कोणापाशी बोलणार?

पद्धत बदलल्याने फरक पडतो का, ही शंका आता फारशी उरलेली नाही. अमेरिकेत स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या २२५ अभ्यासांची एकत्र छाननी केली. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण ३३.८ टक्के निघाले. मुलांना वर्गातच विचार करायला, आपसात बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते २१.८ टक्के होते. पण प्राध्यापक बदलतो कशाने? हेंडरसन, बीच आणि फिंकेलस्टाइन यांनी २०११ मध्ये या विषयावरचे १९१ लेख तपासले. ‘उत्तम’ ठरवलेले तयार साहित्य हाती देणे आणि वरून फर्मान काढणे, हे दोन्ही सर्रास चालणारे उपाय त्यांना निष्फळ दिसले. उपयोग दिसला तो दीर्घकाळ चाललेल्या, शिक्षकाच्या स्वतःच्या समजुतींना हात घालणाऱ्या प्रयत्नांचा. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या रोक्सा आणि मॉर्टेन्सन यांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: अध्यापक शिकवण्याबद्दल मनापासून बोलतात ते मोजक्याच विश्वासातल्या माणसांशी, आणि तेही खासगीत. त्यांची मते घडतात तिथे.

मुंबई-पुण्याच्या मोठ्या कॉलेजात असे माणूस शेजारच्या टेबलावर सापडू शकते. तालुक्याच्या कॉलेजात एकेका विषयाला एक-दोन जण. जागा रिकामी असेल तर तासिका तत्त्वावरचा एखादा, ज्याला पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही हेच माहीत नसते. भौतिकशास्त्राचा माणूस स्टाफरूममध्ये इतिहासवाल्याशी पाऊसपाण्याचे, कापसाच्या भावाचे बोलतो. विषयाचे बोलणे कॉलेजबाहेर गेल्याशिवाय होत नाही. म्हणून पाचोरा, भडगाव, चाळीसगाव, जामनेर अशा गावांमधल्या एका विषयाच्या प्राध्यापकांचे कायमचे छोटे मंडळ हवे, असे माझे म्हणणे आहे. पाच-सात माणसे, महिन्यातून एक दुपार, आणि वर्षातून दोनदा तरी एकमेकांच्या तासाला मागच्या बाकावर बसणे. चाळीसगाव, पाचोरा आणि जळगाव एकाच लोहमार्गावर आहेत, तेव्हा अंतराची सबब फार ताणता येणार नाही.

अशा दुपारी बोलायचे काय? एक नमुना पाहा. चेंडू सरळ वर फेकला. अगदी वरच्या टोकाला तो क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याचे त्वरण किती? प्रथम वर्षाच्या वर्गात हात वर करायला लावा, ‘शून्य’ म्हणणारे भरपूर निघतील. हार्वर्डच्या एरिक मॅझुर यांनी १९९१ पासून रूढ केलेली युक्ती अशी, की इथे उत्तर सांगून टाकायचे नाही. दोन मिनिटे शेजाऱ्याशी वाद घालायला लावायचे आणि पुन्हा मत घ्यायचे. कोणीतरी म्हणतेच, ‘शून्य असतं तर चेंडू वरच लटकून राहिला असता ना!’ वाद मराठीत होवो की अहिराणीत, गुरुत्वाकर्षणाला फरक पडत नाही. अवघड आहे ते चांगला प्रश्न बनवणे, आणि एकट्याने बनवलेल्या प्रश्नातली खोच दुसऱ्याला दाखवल्याशिवाय कळत नाही.

भाषेचा मुद्दा तर खानदेशातूनच पुढे आलेला आहे. १९७४ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने व. गो. कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात रावेर तालुक्यातल्या खिरोद्याच्या परिसरात तीसेक प्राथमिक शाळांत काम केले. स्वस्तातले प्रयोग तर झालेच, पण मुलांना विज्ञानाच्या आधी पुस्तकी मराठीच अडते, हेही या कामातून ठळक झाले. ते मुंबईत बसून उमगले नसते. कॉलेजात आता पुस्तकी मराठीच्या जागी इंग्रजी आली आहे, इतकेच.

यावर पहिला आक्षेप अभ्यासक्रमाचा: पोर्शन संपत नाही, वाद कधी घालू द्यायचे? पोर्शन प्राध्यापकाचा संपतो. मुलांचा संपला का, हे उत्तरपत्रिका सांगतात. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. तासाच्या मानधनावर राबणाऱ्याने आपला वेळ कशासाठी द्यावा? त्याने फुकट द्यावा, असे मी म्हणणार नाही. मंडळाची दुपार कामाचा तास म्हणून धरली पाहिजे, आणि रिकाम्या जागा भरण्याला मंडळ हा पर्याय होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप, की तालुक्याचे लोक आपसात बसून विहिरीतलेच पाणी ढवळतील. त्याला याच जिल्ह्यातल्या अमळनेरचे उत्तर आहे. गिरणीच्या त्या गावात १९१६ मध्ये श्रीमंत प्रताप शेठ यांच्या पाठबळाने तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले, जी. आर. मलकानी तिथे राहिले, के. सी. भट्टाचार्य आणि टी. आर. व्ही. मूर्ती तिथे काम करून गेले, ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे नियतकालिक तिथून निघाले. गाव लहान होते, पण बाहेरून येणारी वाट उघडी ठेवली होती. मंडळानेही पुण्याच्या आयसरसारख्या ठिकाणी पदवीच्या विज्ञान-शिक्षकांसाठी कार्यशाळा होतात तिथे आपले एक-दोघे पाठवावेत आणि परत आल्यावर त्यांना सगळ्यांसमोर तो तास घ्यायला लावावा.

खरे तर अशी एक बैठक चालत आलेलीच आहे, फक्त तिला कोणी प्रशिक्षण म्हणत नाही. १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळे होऊन जळगावला विद्यापीठ झाले, ते आजच्या जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचे. परीक्षेनंतर ‘कॅप’ला, म्हणजे मध्यवर्ती मूल्यमापनाला, पेपर तपासायला गावोगावचे एका विषयाचे प्राध्यापक एका खोलीत जमतात. दुसऱ्या गठ्ठ्याला हात घालण्याआधी चहा येतो, आणि कोणीतरी म्हणतो, ‘तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यांनी तेच कसं लिहिलंय?’ एकच चूक तीन जिल्ह्यांत सारखी उमटलेली असते. ती कुठल्या वाक्याने, कुठल्या आकृतीने पेरली यावर दहा मिनिटे बोलणे होते आणि पुन्हा लाल पेन चालू लागते. त्या दहा मिनिटांचा एक तास करायला, कोणीतरी वहीत टिपून ठेवायला फार खर्च नाही. तेवढे लवकर करावे, कारण काही विद्यापीठांत उत्तरपत्रिका आता संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, ज्याची त्याने, आपापल्या ठिकाणी बसून.