यहुदी कांस्यनाण्यांवरील लेख आणि त्यांचा संग्रह

प्राचीन यहुदी राज्यातील कांस्यनाणी आकाराने लहान व घडणीने ओबडधोबड असून मोलाने दमडीच्या पंक्तीतली होत. तथापि भाषेच्या अभ्यासकास ती बहुमोल वाटतात. हास्मोनी वंशातील अलेक्झांडर यान्नाय (इ. स. पू. १०३–७६) याच्या नाण्यांवर हिब्रू, ग्रीक व अरामी अशा तीन भाषा आढळतात. ‘यहोनाथान महायाजक आणि यहुद्यांची सभा’ हा हिब्रू लेख प्राचीन लिपीत कोरलेला आहे. त्या काळी नित्य लेखनात अरामी वळणाची चौकोनी लिपी रूढ झाली होती. असे असता राजाने जुनी अक्षरे स्वीकारली, ती पूर्वजांच्या राज्याशी नाते सांगण्यासाठी, असे मानले जाते. याच राजाच्या पंचविसाव्या राज्यवर्षाच्या नाण्यांवर मात्र अरामी लेख आहे.

हे लेख एकाच नाण्यावर पूर्ण वाचावयास मिळणे दुर्मिळच. मऊ दगडाच्या साच्यांत चकत्यांच्या सलग पट्ट्या ओतीत, त्यांवर छाप मारीत आणि मग चकत्या तोडून वेगळ्या करीत. छाप बहुधा चकतीहून मोठा असे व तिरका बसे. त्यामुळे अक्षरे कडेबाहेर जात. सारांश, अनेक नाणी शेजारी ठेवूनच पूर्ण लेख जुळवावा लागतो. संग्रहाचे शास्त्रीय प्रयोजन ते हेच.

परंतु केवळ संख्या पुरेशी नाही. गामला हे नगर इ. स. ६७ मध्ये रोमन सैन्याने जिंकले. १९७६ पासून तेथे झालेल्या उत्खननात बंडखोरांची मोजकी कांस्यनाणी मिळाली. त्यांवरील लेखाच्या वाचनाविषयी मतभेद आहेत. पण वेढ्यातील नगरात ती पाडली गेली, हे अनुमान त्यांच्या प्राप्तिस्थानावरच आधारलेले आहे. तीच नाणी बाजारातून हाती आली असती, तर हा दुवा कायमचा तुटला असता.

नव्या करारातील गरीब विधवेच्या दानाशी संबंध जोडला गेल्याने यान्नायच्या नाण्यांना आज मोठी मागणी आहे. या मागणीमुळे चोरट्या खोदकामास उत्तेजन मिळते. इस्राएलच्या १९७८ च्या कायद्यानुसार त्यानंतर तेथे सापडणाऱ्या पुरावस्तू राज्याच्या मालकीच्या ठरतात. म्हणून संग्राहकाने नाण्याचा पूर्वेतिहास तपासावा, प्राप्तिस्थान ज्ञात असल्यास ते नोंदवावे आणि अक्षरे झिजतील अशी घासपूस टाळावी. नाणे जपले आणि त्याची नोंद हरवली, तर अर्धा लेख पुसल्यासारखेच होय.